गुण येणे आणि गुण मोजणे : मानसोपचारातील सुधारणा-मापनाची चिकित्सक समीक्षा

सारांश

मानसिक आजारावरील उपचारांची परिणामकारकता आज मुख्यतः मापनश्रेणीवरील प्राप्तांकांच्या आधारे ठरविली जाते. प्रस्तुत लेखात नैराश्याच्या मापनासाठी वापरल्या जाणाऱ्या हॅमिल्टन श्रेणी व पीएचक्यू-९ या दोन साधनांचे संहिता म्हणून वाचन करून, त्यांतील ‘सुधारणा’ या संकल्पनेची तपासणी केली आहे. प्राप्तांकातील बदल खरा आहे का, तो पुरेसा आहे का आणि तो रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे का, हे तीन स्वतंत्र प्रश्न असून त्यांची सरमिसळ झाल्यामुळे धोरण, संशोधन व प्रत्यक्ष उपचार या तिन्ही पातळ्यांवर घोटाळे निर्माण होतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : नैराश्य, मापनश्रेणी, प्राप्तांक, विश्वसनीय बदल, किमान महत्त्वाचा फरक, रुग्णाचा दृष्टिकोन

१. प्रस्तावना

उपचारानंतर रुग्णास आराम पडू लागला की मराठीत ‘औषधाचा गुण आला’ असे म्हटले जाते. परीक्षेत मिळणाऱ्या अंकांनाही आपण ‘गुण’च म्हणतो. पहिल्या अर्थाचा गुण रुग्णाला येतो. दुसऱ्या अर्थाचा गुण परीक्षक देतो. शारीरिक आजारांत या दोहोंमधील अंतर पुष्कळदा भरून निघते. ताप उतरला की तापमापकही ते सांगतो आणि रुग्णही. मानसिक आजारात मात्र तापमापकासारखे बाह्य साधन उपलब्ध नाही. नैराश्याचे निश्चित निदान करणारी रक्तचाचणी नाही आणि त्याचा उतार दाखविणारी क्ष-किरण प्रतिमाही नाही. रुग्णाचे सांगणे, नातेवाइकांचे निरीक्षण आणि चिकित्सकाचा अंदाज एवढीच सामग्री हाती असते. या सामग्रीला अंकांचे रूप देण्याचे काम मापनश्रेणी करतात.

हे काम आवश्यक होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मापनश्रेणी रूढ होण्यापूर्वी रुग्ण ‘बराच सुधारला’ की ‘थोडा सुधारला’ हे बहुतांशी चिकित्सकाच्या शब्दावर अवलंबून असे आणि त्या शब्दाची पडताळणी करण्याचा मार्ग नसे. एका रुग्णालयातील ‘बराच’ आणि दुसऱ्या रुग्णालयातील ‘बराच’ यांची तुलना होऊ शकत नव्हती. अंकांमुळे ती शक्य झाली. परंतु तुलनेची ही सोय हळूहळू व्याख्येच्या जागी जाऊन बसली. प्राप्तांक कमी होणे हे सुधारणेचे एक लक्षण न राहता तीच सुधारणा मानली जाऊ लागली. या स्थित्यंतराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन सुस्पष्ट व्हावे म्हणून ते मुख्यतः नैराश्यापुरते मर्यादित ठेवले आहे.

२. हॅमिल्टन श्रेणी : एक वाचन

मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली आपली नैराश्य-मापनश्रेणी प्रसिद्ध केली. औषध-चाचण्यांमध्ये पुढील अनेक दशके ती प्रमाणभूत साधन म्हणून वापरली गेली. मूळ निबंधातील विश्लेषण ४९ पुरुष रुग्णांच्या नोंदींवर आधारलेले होते. स्त्री-रुग्णांचा समावेश असलेला विस्तारित अभ्यास त्यांनी १९६७ मध्ये मांडला. ज्यांचे निदान आधीच झाले आहे अशा रुग्णांतील आजाराची तीव्रता मोजणे एवढाच हॅमिल्टन यांचा मूळ उद्देश होता. ही मर्यादा त्यांनी स्वतःच स्पष्ट केली होती. नंतरच्या वापराचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही.

या श्रेणीत १७ घटकांचे गुण मोजले जातात. काही घटकांना शून्य ते चार, तर काहींना शून्य ते दोन असे गुण असतात. प्रचलित आवृत्तीत कमाल बेरीज ५२ होते. उपचारानंतर बेरीज निम्म्याने घटली तर ‘प्रतिसाद’ मिळाला आणि ती सात किंवा त्याहून कमी झाली तर रुग्ण ‘लक्षणमुक्त’ झाला, असा संकेत संशोधनात रूढ आहे.

एखादी प्रश्नपत्रिका तपासताना कोणत्या प्रश्नाला किती गुण ठेवले आहेत हे पाहिले की परीक्षकाच्या दृष्टीने कशाला किती महत्त्व आहे ते कळते. हॅमिल्टन श्रेणीचे तसे वाचन केले असता काही बाबी ठळकपणे पुढे येतात. झोपेसंबंधी तीन स्वतंत्र घटक आहेत : झोप न लागणे, मध्येच मोडणे आणि पहाटे लवकर जाग येणे. प्रत्येकी दोन याप्रमाणे झोपेला एकूण सहा गुण मिळतात. आत्महत्येच्या विचारांना व कृतींना मात्र जास्तीत जास्त चार गुण आहेत. याचा अर्थ असा की, ज्या औषधामुळे केवळ गुंगी येऊन झोप सुधारते, ते औषध मनाच्या मूळ अवस्थेला स्पर्श न करताही प्राप्तांक सहाने कमी करू शकते. भूक व वजन यांनाही स्वतंत्र गुण असल्याने, भूक वाढविणाऱ्या औषधाला आणखी लाभ होतो. याउलट अतिनिद्रा आणि अतिभोजन ही लक्षणे या १७ घटकांत नाहीतच. ज्या रुग्णाचे नैराश्य या स्वरूपात व्यक्त होते, त्याचा त्रास येथे पुरेसा नोंदला जात नाही.

दुसरी बाब अधिक मूलभूत आहे. या १७ घटकांमध्ये आशा, आनंद, आत्मविश्वास, आपुलकी यांपैकी कशाचीही विधायक नोंद नाही. सर्व घटक अभावाचे किंवा उपद्रवाचे आहेत. रुग्ण कामात व छंदांत कितपत सहभागी होतो याविषयी एक घटक आहे आणि त्याला ५२ पैकी चार गुण आहेत. शून्य प्राप्तांक मिळालेला रुग्ण म्हणजे ज्याला काही होत नाही असा रुग्ण. ‘काही होत नाही’ आणि ‘बरे वाटते’ या दोन वाक्यांतील अंतर कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. श्रेणीला मात्र ते दिसत नाही.

तिसरी बाब बेरजेची. सात किंवा त्याहून कमी गुण म्हणजे लक्षणमुक्ती, हा संकेत गणिताच्या अंगाने तपासला तर आत्महत्येच्या घटकावर तीन गुण आणि इतरत्र शून्य असलेला रुग्णही त्यात बसू शकतो. असा रुग्ण प्रत्यक्षात विरळाच आढळेल आणि कोणताही जबाबदार चिकित्सक त्याला बरा म्हणणार नाही. तरीही बेरजेला हा फरक कळत नाही एवढे यावरून सिद्ध होते. २००४ मध्ये बॅग्बी व सहकाऱ्यांनी या श्रेणीचा सविस्तर आढावा घेऊन तिच्या रचनेतील व आशयातील त्रुटी दाखवून दिल्या. तोवर तिच्या आधारे अनेक औषधांचे भवितव्य ठरून गेले होते.

३. पीएचक्यू-९ : न मोजलेला प्रश्न

हॅमिल्टन श्रेणीसाठी प्रशिक्षित मुलाखतकार लागतो. ती अडचण दूर करणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली क्रोएंके, स्पिट्झर व विल्यम्स यांनी २००१ मध्ये सादर केली. मागील दोन आठवड्यांत नऊ लक्षणांचा त्रास किती दिवस झाला, हे रुग्णानेच सांगायचे असते. प्रत्येक प्रश्नास शून्य ते तीन, अशी कमाल बेरीज २७ होते. दहा व त्यापुढील प्राप्तांक हा सामान्यतः लक्ष देण्याजोग्या नैराश्याचा निदर्शक मानतात. प्रश्नावली विनामूल्य, सुटसुटीत आणि मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध असल्याने तिचा प्रसार वेगाने झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील अभ्यासांत आणि विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणांतही ती वापरली जाते.

या प्रश्नावलीतही वाचकाला थांबविणाऱ्या काही जागा आहेत. झोपेच्या एकाच प्रश्नात झोप न येणे आणि फार झोप येणे ही दोन्ही टोके एकत्र केली आहेत. भुकेच्या प्रश्नाचीही तीच स्थिती. रात्ररात्र जागणारा रुग्ण औषधानंतर दिवसभर झोपून राहू लागला, तर त्याचा प्राप्तांक होता तेवढाच राहील. हॅमिल्टन श्रेणीने अतिनिद्रेकडे दुर्लक्ष केले होते. येथे ती निद्रानाशात मिसळून गेली. शेवटच्या प्रश्नात मरण बरे असे वाटणे आणि स्वतःला इजा करण्याचा विचार येणे या दोन भिन्न अवस्था एकत्र आल्या आहेत. शिवाय मोजली जाते ती वारंवारता, तीव्रता नव्हे. रोज येणारी सौम्य उदासी आणि दोनच दिवस आलेली पण जीव नकोसा करणारी उदासी यांत पहिलीला अधिक गुण मिळतात.

सर्वांत बोलकी बाब वेगळीच आहे. नऊ प्रश्नांनंतर आणखी एक प्रश्न विचारला जातो : या त्रासामुळे काम करणे, घरचे पाहणे किंवा लोकांशी जुळवून घेणे किती अवघड झाले? रुग्णाच्या जगण्याशी थेट भिडणारा हाच एक प्रश्न. परंतु त्याचे गुण बेरजेत धरले जात नाहीत. साधन तयार करणाऱ्यांचा यामागील विचार समजण्यासारखा आहे. लक्षणे व त्यांचे परिणाम यांची सरमिसळ होऊ नये, असा तो विचार आहे. व्यवहारात मात्र जे बेरजेत नाही ते अहवालात येत नाही आणि जे अहवालात येत नाही त्याचा पुढे कोणी विचार करीत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन रुग्णांचा आरंभीचा प्राप्तांक १८ आहे आणि तीन महिन्यांनी दोघांचाही १२ झाला. पहिल्या रुग्णाची झोप, भूक आणि अस्वस्थता या तीन प्रश्नांत प्रत्येकी दोन गुणांनी घट झाली. दुसऱ्याची घट उदासी, निरुत्साह आणि स्वतःविषयीची हीनभावना या तीन प्रश्नांत झाली. बेरीज सारखीच. पहिला रुग्ण आता शांत झोपतो, पण त्याला जगण्यात रस नाही. दुसऱ्याची झोप अजून मोडते, पण तो पुन्हा दुकानात बसू लागला आहे. अहवालात हे दोघे एकाच रकान्यात येतील. हे उदाहरण काल्पनिक असले तरी लक्षणांची विविधता काल्पनिक नाही. आयको फ्रीड व रँडॉल्फ नेसी यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातील ३,७०३ नैराश्यग्रस्तांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांत लक्षणांचे १,०३० वेगवेगळे समुच्चय आढळले. एवढ्या भिन्न अवस्थांना एकाच बेरजेत बसविताना काय हरवते, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

४. एका शब्दात दडलेले तीन प्रश्न

‘रुग्ण सुधारला’ या विधानात वस्तुतः तीन प्रश्न दडलेले आहेत आणि त्यांची उत्तरे देणाऱ्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत.

पहिला प्रश्न : बदल खरा आहे की मापनातील चूक आहे? एकच व्यक्ती कोणताही उपचार न घेता दोनदा प्रश्नावली भरेल तर तिचे प्राप्तांक तंतोतंत जुळतीलच असे नाही. नील जेकबसन व पॉला ट्रुऑक्स यांनी १९९१ मध्ये मांडलेला ‘विश्वसनीय बदल निर्देशांक’ या प्रश्नाचे उत्तर देतो. समजा, एखाद्या श्रेणीचे प्रमाण विचलन ६ आणि विश्वसनीयता ०.८४ आहे. तर मापनाची प्रमाण त्रुटी २.४ येते, दोन मापनांतील फरकाची त्रुटी सुमारे ३.४ येते आणि ९५ टक्के खात्रीसाठी किमान ६.७ गुणांचा बदल आवश्यक ठरतो. म्हणजे अशा श्रेणीवर चार-पाच गुणांची घट झाली म्हणून एखाद्या व्यक्तीविषयी आनंद व्यक्त करणे घाईचे ठरेल.

दुसरा प्रश्न : बदल पुरेसा आहे का? याच दोन संशोधकांनी असा निकष सुचविला की, उपचारानंतर रुग्णाचा प्राप्तांक रुग्णांच्या समूहापेक्षा सर्वसामान्यांच्या समूहाला अधिक जवळचा झाला पाहिजे. विचार मोलाचा आहे. परंतु ‘सर्वसामान्य’ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. ज्या वस्तीत दारिद्र्य, कर्जबाजारीपणा वा घरगुती हिंसा सार्वत्रिक आहे, तेथील सर्वसामान्य प्राप्तांक कोणता मानायचा? दुसऱ्या देशातील सीमारेषा उचलून येथे लावली तर ती काय मोजेल?

तिसरा प्रश्न : हा बदल रुग्णाला मोलाचा वाटतो का? येश्के, सिंगर व गायट यांनी १९८९ मध्ये ‘किमान महत्त्वाचा फरक’ ही संकल्पना मांडली, ती हृदय व श्वसनविकाराच्या जुनाट रुग्णांच्या संदर्भात. जो लहानात लहान फरक रुग्णाला हितकारक म्हणून जाणवतो आणि ज्यासाठी उपचार बदलणे योग्य ठरेल, तो फरक येथे अभिप्रेत आहे. या व्याख्येचा कर्ता रुग्ण आहे. पुढे मात्र हा फरक प्रमाण विचलनाच्या अमुक पट म्हणून सूत्राने काढण्याची प्रथाही पडली. रुग्णाला न विचारता रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते हे ठरविण्याची ही रीत संकल्पनेच्या मूळ हेतूशी विसंगत आहे.

या तिन्हींखेरीज आणखी एक गोष्ट संशोधन-निबंधांत सर्वाधिक आढळते, ती म्हणजे संख्याशास्त्रीय सार्थकता. नमुना पुरेसा मोठा असेल तर अर्ध्या गुणाचा फरकही सार्थ ठरू शकतो. तो फरक योगायोगाचा नसावा, इतकेच त्यातून सूचित होते. त्याच्या मोलाविषयी काहीच कळत नाही. संख्याशास्त्राच्या परिभाषेतील ‘सार्थ’ आणि व्यवहारातील ‘अर्थपूर्ण’ हे शब्द दिसायला जवळचे असल्याने आपल्याकडील प्रबंधांतही त्यांची गल्लत होताना दिसते.

५. सरासरी आणि व्यक्ती

ही गल्लत केवळ तात्त्विक नाही, हे नैराश्यविरोधी औषधांविषयीच्या वादावरून दिसून येते. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २००४ च्या मार्गदर्शिकेत औषध व प्लासिबो यांच्यात हॅमिल्टन श्रेणीवर तीन गुणांचा फरक हा चिकित्सीय महत्त्वाचा निकष मानला. अर्व्हिंग किर्श व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे सादर झालेल्या चाचण्यांचे संकलित विश्लेषण केले. त्यात औषध घेणाऱ्यांचा प्राप्तांक सरासरी ९.६ ने आणि प्लासिबो घेणाऱ्यांचा ७.८ ने घटल्याचे दिसले. फरक १.८ गुणांचा, म्हणजे निकषापेक्षा कमी. ‘नैराश्याची गोळी निरुपयोगी’ असा त्याचा अर्थ वृत्तपत्रांनी काढला. उलट चिप्रियानी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५२२ चाचण्या व १,१६,४७७ सहभागींच्या आधारे तपासलेली सर्व २१ औषधे प्लासिबोपेक्षा अधिक परिणामकारक असल्याचा निष्कर्ष काढला, तेव्हा ‘वाद मिटला’ अशी बातमी झाली. दोन्ही वेळी प्रश्न तोच होता आणि दोन्ही वेळी तो अनुत्तरित राहिला : सरासरी फरकाचा एका रुग्णाच्या दृष्टीने अर्थ काय?

श्टेफान लॉइश्ट व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हॅमिल्टन श्रेणीवरील घट आणि चिकित्सकाचे एकूण मत यांची सांगड घातली. तीन गुणांपर्यंतची घट चिकित्सकांच्या मते ‘बदल नाही’ याच्याशी जुळत होती. ‘किंचित सुधारणा’ म्हणण्यासाठी सुमारे सात गुणांची घट लागत होती. या निष्कर्षाच्या आधारे तीन गुणांचा निकषही फारच सैल होता, असा युक्तिवाद टीकाकारांनी केला. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी त्यात एक दोष आहे. एका व्यक्तीतील आधी-नंतरचा बदल आणि दोन गटांच्या सरासरीतील फरक या भिन्न राशी आहेत. गटांत दोन गुणांचा फरक असेल तर प्रत्येक रुग्ण दोनच गुणांनी अधिक सुधारला असे नव्हे. काही थोडे रुग्ण पुष्कळ सुधारले आणि बाकीच्यांना काहीच गुण आला नाही, असेही असू शकते. वर्गाची सरासरी दोन गुणांनी वाढली यावरून प्रत्येक विद्यार्थ्याविषयी विधान करण्याची चूक कोणी शिक्षक करणार नाही. औषधांच्या समर्थकांनी सार्थकतेला महत्त्व समजण्याची चूक केली, तर टीकाकारांनी सरासरीला व्यक्ती समजण्याची. दोन्ही बाजूंनी रुग्णाला विचारले असते तर वाद अधिक फलदायी झाला असता.

मार्क झिमरमन व सहकाऱ्यांनी हेच केले. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या ५३५ बाह्यरुग्णांना त्यांनी विचारले की, तुम्ही बरे झालात हे ठरविण्यासाठी कोणती गोष्ट महत्त्वाची वाटते? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन गोष्टी अग्रस्थानी आल्या : आशावाद व आत्मविश्वास यांसारख्या विधायक भावना, आपण पूर्ववत ‘आपण’ झालो असे वाटणे आणि नेहमीचे व्यवहार पुन्हा जमू लागणे. लक्षणांचा अभावही रुग्णांना महत्त्वाचा वाटतच होता, पण तो पहिल्या क्रमांकावर नव्हता. हॅमिल्टन श्रेणीचे ५२ गुण समोर ठेवून ही यादी वाचली म्हणजे परीक्षक आणि परीक्षार्थी निरनिराळ्या अभ्यासक्रमांची तयारी करीत होते, हे ध्यानात येते.

६. प्राप्तांक जेव्हा निर्णय घेतो

प्राप्तांक संशोधनापुरता मर्यादित राहत नाही. तो सेवा, निधी आणि हक्क यांचेही निर्णय घेतो. येथे एक परदेशी आणि एक भारतीय उदाहरण विचारात घेऊ.

इंग्लंडमध्ये २००८ पासून मानसशास्त्रीय उपचार सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचा व्यापक कार्यक्रम राबविला जातो; २०२३ मध्ये त्याचे नामांतर झाले. जवळपास प्रत्येक भेटीत प्राप्तांकांची नोंद घेणे हे त्याचे वैशिष्ट्य. निम्मे रुग्ण ‘पूर्ववत’ व्हावेत असे उद्दिष्ट होते आणि पीएचक्यू-९ वर दहाच्या खाली व चिंतेच्या जोडश्रेणीवर आठच्या खाली येणे ही ‘पूर्ववत’ होण्याची व्याख्या होती. आपल्या परीक्षापद्धतीतील ३४ आणि ३५ गुणांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील अडचण लगेच कळेल. चिंतेचा प्राप्तांक मर्यादेत असलेला रुग्ण नैराश्यात दहावरून नऊवर आला तर तो यशस्वी. चोवीसवरून बारावर आलेला अयशस्वी. औषध-संशोधनाच्या संकेतानुसार हाच दुसरा रुग्ण ‘प्रतिसाद’ देणारा ठरला असता. या रचनेत सौम्य आजाराचे रुग्ण संस्थेच्या आकडेवारीस हितकारक आणि तीव्र आजाराचे अडचणीचे ठरतात. पुढे पीएचक्यू-९ वर किमान सहा गुणांच्या घटीसारखे ‘विश्वसनीय सुधारणे’चे निकष राष्ट्रीय उद्दिष्टांत आणले गेले, ही स्वागतार्ह दुरुस्ती होय. तरीही मोजमाप लक्षणांचेच राहिले.

भारतीय उदाहरण अपंगत्व-प्रमाणपत्राचे आहे. मानसिक आजारामुळे येणारे अपंगत्व मोजण्यासाठी भारतीय मानसोपचार संघटनेच्या समितीने तयार केलेली ‘आयडियाज’ ही श्रेणी केंद्र शासनाने २००२ मध्ये स्वीकारली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतरच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तिचा समावेश झाला. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांना शून्य ते चार गुण देऊन त्यात आजाराच्या कालावधीचे एक ते चार गुण मिळविले जातात. एकूण वीसपैकी सात गुण झाले की ४० टक्के अपंगत्व धरले जाते आणि सवलतींचा दरवाजा उघडतो. ही श्रेणी लक्षणांऐवजी जगण्याकडे पाहते, ही तिची जमेची बाजू.

परंतु तिच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या रुग्णाचा विचार करावा. दहा वर्षांहून अधिक काळ आजारी असलेल्या व्यक्तीला कालावधीचे चार गुण मिळतात. चार क्षेत्रांत मिळून तीन गुण असतील तर बेरीज सात होते. ही व्यक्ती उपचारांमुळे शेतावर वा दुकानात थोडेफार काम करू लागली आणि कामाचा एक गुण कमी झाला, तर बेरीज सहा होते व ती ४० टक्क्यांच्या खाली जाते. कुटुंबाने वर्षानुवर्षे ज्या सुधारणेची वाट पाहिली, तीच त्याच्या आधारावर घाला घालते. अशा परिस्थितीत सुधारणा लपविण्याकडे कल झाला तर त्याला अप्रामाणिकपणा म्हणता येईल काय? येथे दोष श्रेणीपेक्षा सीमारेषेचा अधिक आहे : क्रमाक्रमाने होणाऱ्या सुधारणेला ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा दोनच उत्तरांत कोंबले आहे.

७. गोव्यातील एक आशादायक प्रयत्न

अर्थपूर्ण सुधारणा मोजताच येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या पुढाकाराने विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने उल्लेखनीय आहे. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या सुधारित सेवेबरोबर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन देण्यात आले. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्ती होत्या. रुग्णाला हळूहळू पुन्हा कृतिशील करणे हा उपचाराचा गाभा होता. तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ वर दहाच्या खाली आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के, तर दुसऱ्या गटात ३९ टक्के आढळले.

येथवर हा अभ्यास इतर अभ्यासांसारखाच आहे. त्याचे वेगळेपण पुढे आहे. संशोधकांनी अकार्यक्षमता, कामावर न जाता आलेले दिवस आणि स्त्रियांना पतीकडून होणारी शारीरिक हिंसा यांचीही नोंद घेतली आणि या बाबींतही समुपदेशनाचा लाभ दिसून आला. कामाचे दिवस आणि घरातील मारहाण या गोष्टी हॅमिल्टन श्रेणीत वा पीएचक्यू-९ च्या बेरजेत कोठेच नाहीत. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात मात्र सुधारणेचा पहिला पुरावा बहुधा तेथेच दिसतो. नैराश्याची श्रेणी जे विचारत नाही, ते वेगळे विचारण्याची तसदी घेतली म्हणून हे उत्तर मिळाले.

८. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रुग्णाचे मत हे आजारानेच रंगलेले असते. नैराश्यात माणूस स्वतःची सुधारणा कमी लेखतो आणि उन्मादावस्थेत ती फुगवून सांगतो. तीव्र मनोविकृतीत आजाराची जाणीवच पुष्कळदा नसते. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच रुग्णाचे मत हा एकमेव निकष असावा, असे येथे सुचविलेले नाही. परंतु पीएचक्यू-९ चे नऊ प्रश्नही रुग्णच सोडवितो. झोप किती दिवस लागली नाही हे सांगताना तो विश्वासार्ह आणि आपल्याला कशाने बरे वाटेल हे सांगताना अविश्वसनीय, ही भूमिका तर्कसंगत म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप तुलनेचा. प्रत्येक रुग्णाचे ध्येय वेगळे असेल तर सरासरी कशाची काढायची? एकीला पुन्हा स्वयंपाकघरात उभे राहायचे असेल, दुसऱ्याला परीक्षेला बसायचे असेल, तिसऱ्याला केवळ भावाशी बोलायचे असेल. ही अडचण खरी आहे. परंतु ती सोडविण्याचे मार्ग अगदीच अज्ञात नाहीत. ध्येय प्रत्येकाचे स्वतंत्र ठेवून, ते कितपत साधले याची समान श्रेणीवर नोंद घेता येते. त्यात काटेकोरपणा कमी असेल, हे मान्य करावे लागेल. चुकीच्या गोष्टीचे काटेकोर मापन आणि योग्य गोष्टीचे ढोबळ मापन यांत निवड करावयाची झाल्यास दुसरा पर्याय अधिक शास्त्रीय ठरतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील मुद्दे हाती येतात. मापनश्रेणी टाकून देण्याचे कारण नाही. त्यांनी चिकित्सकाच्या लहरीपासून रुग्णाचे संरक्षण केले आहे. मात्र प्रत्येक श्रेणी कोणत्या गोष्टीला किती गुण देते हे न वाचता तिची बेरीज स्वीकारणे अयोग्य आहे. बदल खरा आहे का, पुरेसा आहे का आणि मोलाचा आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे अहवालात वेगवेगळी दिली गेली पाहिजेत. पीएचक्यू-९ वापरणाऱ्यांनी किमान तिच्या अखेरच्या, बेरजेबाहेरच्या प्रश्नाचे उत्तर आवर्जून नोंदवावे व प्रसिद्ध करावे. त्याला अधिक खर्च येत नाही. ज्या प्राप्तांकावर हक्क वा निधी अवलंबून आहे, तेथे एका गुणाने सारे काही जाणार नाही अशी टप्प्याटप्प्याची रचना असावी.

आपल्या महाविद्यालयांत समुपदेशन केंद्रे चालविली जातात आणि विद्यार्थ्यांची प्रश्नावलीद्वारे चाचपणी केली जाते. वर्षअखेरीस सरासरी प्राप्तांकातील घट अहवालात लिहिण्याचा मोह तेथेही होणार. ज्यांचे आयुष्य गुण देण्यात गेले आहे, त्या प्राध्यापकवर्गाला एक गोष्ट अनुभवाने माहीत असते : उत्तरपत्रिकेवरील गुण खोटे नसतात, पण विद्यार्थ्याला विषय किती कळला हे जाणून घ्यायचे तर त्याच्याशी बोलावे लागते. मानसोपचारातही श्रेणीने दिलेला गुण आणि रुग्णाला आलेला गुण यांची गाठ घालून द्यायची, तर रुग्णाला ‘आता कसे वाटते?’ हे विचारून त्याचे उत्तर प्राप्तांकाशेजारीच लिहून ठेवावे लागेल.